मराठवाड्यातील एका ग्रामीण कॉन्व्हेंटचा इतिहास: स्थापनेचे वर्ष कोणते धरावे?

शिवनाकाठ (धागाकर्ता)

वैजापूर आणि गंगापूर या दोन तालुक्यांच्या सीमेवर आमचे धर्मग्राम (एका चर्चच्या अखत्यारीतील गावांचा समूह, म्हणजे पॅरिश) आहे. चर्च, त्याच्या मागे सिस्टरांचे कॉन्व्हेंट (त्यांचे निवासस्थान), मुलींचे बोर्डिंग, पत्र्याचा जुना दवाखाना आणि रस्त्यापलीकडे शाळा असा तो परिसर. कॉन्व्हेंटची जुबिली साजरी करण्याचे धर्मग्राम समितीने ठरवले आणि स्मरणिकेचे काम माझ्याकडे सोपवले. पहिल्याच बैठकीत ध्यानात आले की, स्थापनेच्या वर्षावरच एकमत नाही. चर्चच्या कोनशिलेवर एक वर्ष आहे, शाळेच्या मान्यतेच्या पत्रावर दुसरे, विश्वस्त संस्थेच्या नोंदणीत तिसरे, आणि गावातील वृद्ध स्त्रिया सांगतात ते या तिन्हींच्या आधीचे. पहिल्या आणि शेवटच्या वर्षात जवळजवळ दोन पिढ्यांचे अंतर पडते. गावाचे आणि सिस्टरांच्या संघाचे, म्हणजे त्या ज्या धर्मसंस्थेच्या आहेत तिचे, नाव येथे मुद्दाम देत नाही, कारण संघाच्या प्रांतप्रमुखांची परवानगी अद्याप यायची आहे.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. मराठवाड्यातील कॅथलिक मिशन बहुतांशी सव्हॉय प्रांतातून आलेल्या फ्रान्सलियन धर्मगुरूंनी उभे केले. पिएर-मारी मेर्मिए यांनी १८३८ मध्ये आनसी येथे हा संघ स्थापन केला. त्याच वर्षी जवळच्या शाव्हानो गावात क्लोदीन एशेर्निए यांनी मेर्मिए यांच्याच साहाय्याने क्रूसाच्या धर्मभगिनींचा संघ सुरू केला. त्या वेळी सव्हॉय फ्रान्सचा भागही नव्हता. तो सार्डिनियाच्या राज्यात होता आणि १८६० मध्ये फ्रान्सला जोडला गेला. फ्रान्सलियन धर्मगुरू १८४० च्या दशकात विशाखापट्टणम येथे उतरले, आणि क्रूसाच्या भगिनी १८८६ मध्ये भारतात आल्या. १८८७ मध्ये विशाखापट्टणममधून नागपूर धर्मप्रांत (एका बिशपच्या अधिकाराखालील प्रदेश) वेगळा झाला, १९५५ मध्ये अमरावती आणि १७ डिसेंबर १९७७ रोजी औरंगाबाद. एवढी वंशावळ सांगण्याचे कारण असे की, आमच्या गावाचे कागद याच क्रमाने विखुरलेले आहेत, आणि औरंगाबादच्या महागुरुस्वामींच्या (बिशपांच्या) कचेरीत १९७७ पूर्वीचे काही मिळेल अशी आशा धरून जाणारा माणूस बहुधा रिकाम्या हाताने परततो.

आता मुख्य मुद्दा. आमच्या भागातील कोणत्याही धर्मग्रामाची हकिकत विचारा, ती फादरांच्या नावांनी सुरू होते आणि फादरांच्याच नावांनी संपते. फादरांनी विहीर खणली, फादरांनी शाळा काढली, फादरांनी दुष्काळात धान्य वाटले. यात खोटे काही नाही. घोगरगावसारख्या जुन्या केंद्रातील धर्मगुरूंनी बैलगाडीने आणि पायी जो मुलूख पालथा घातला, त्याला तोड नाही. परंतु शाळेत सकाळी घंटा कोण देत असे, मुलींच्या डोक्यातील उवा कोण काढत असे, रात्री कंदील घेऊन बाळंतिणीकडे कोण जात असे, याचे उत्तर सर्वजण ‘सिस्टर’ एवढ्या एका शब्दात देतात आणि पुढे जातात. धर्मगुरूंची यादी चर्चच्या भिंतीवर संगमरवरात कोरलेली आहे. सिस्टरांची यादी कोठेच नाही.

याला एक व्यवस्थेचे कारण आहे. सिस्टर काही वर्षांनी बदलून जातात, त्यांना कोठे पाठवायचे हे प्रांतप्रमुख ठरवतात, आणि व्रत घेताना अनेकींचे मूळ नाव बदललेले असे. त्यामुळे गावाच्या स्मरणात वेगवेगळ्या पाच-सहा स्त्रिया मिळून एकच ‘मोठ्या मदर’ झाल्या आहेत. मला सांगितल्या गेलेल्या आठवणी खऱ्या मानल्या तर या मदरांनी निजामाच्या अमलात दवाखाना चालवला आणि किल्लारीच्या भूकंपानंतर मदतीचे कपडेही गोळा केले.

जाणकारांना माझे दोन प्रश्न आहेत. स्थापना कोणत्या घटनेपासून धरावी? आणि सिस्टरांच्या कामाचा लेखी माग कोणत्या कागदांत लागू शकेल?

जुने दप्तर

धागा आवडला. माझी नोकरी भूमी अभिलेख खात्यात गेली, म्हणून कागदांबद्दल लिहितो. धर्माच्या बाजूचे काही चुकले तर दुरुस्त करावे.

निजामाच्या काळातील कोणत्याही कागदावर सन दिसला की प्रथम तो फसली, म्हणजे महसुली कालगणनेचा, आहे का ते पाहा. हैदराबाद संस्थानात फसली वर्ष आझूर महिन्यापासून, म्हणजे ऑक्टोबरच्या आरंभी, सुरू होई. म्हणून ऑक्टोबर ते डिसेंबरमधील कागद असेल तर फसली सनात ५९० मिळवावेत आणि जानेवारीनंतरचा असेल तर ५९१. फसली १३५७ हे वर्ष ऑक्टोबर १९४७ मध्ये सुरू झाले आणि सप्टेंबर १९४८ मधील पोलीस कारवाई त्याच वर्षात पडली, हे एक उदाहरण लक्षात ठेवले की पुढे चूक होत नाही. स्मरणिका लिहिणारे लोक सरसकट ५९० मिळवतात आणि एक वर्ष हरवतात. तुमच्या दोन वर्षांतील तफावत एकाचीच असती तर मी येथेच खुलासा केला असता, पण दोन पिढ्यांचा फरक या गणिताने भरून निघणार नाही.

जागेसाठी १९५४-५५ चे खासरा पाहणी पत्रक काढा. मराठवाड्यात जमिनीच्या मालकीचा शोध बहुधा तेथपर्यंत नीट जातो. त्याच्या मागे जायचे असेल आणि जमीन इनामी असेल तर मुंतखब (इनाम मान्य केल्याचा निजामकालीन दस्तऐवज) शोधावा लागेल. तो उर्दूत असतो. जुनी गावदप्तरे काही ठिकाणी मोडीत आहेत. कुणबी नोंदींच्या शोधासाठी २०२३ मध्ये न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली, तेव्हापासून मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांना तालुक्याच्या ठिकाणी मागणी आली आहे. त्यांपैकी कोणी ओळखीचा असेल तर आत्ताच गाठा.

विश्वस्त संस्थेच्या नोंदणीचे वर्ष मात्र स्थापनेचे म्हणून धरू नका. आपल्याकडे लागू असलेला सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा हा मूळ मुंबई राज्याचा, १९५० चा. मराठवाडा मुंबई राज्यात आला तो नोव्हेंबर १९५६ मध्ये. त्यामुळे आपल्या भागातील कितीतरी जुन्या देवस्थानांची, मशिदींची आणि मिशनांची नोंदणी त्यानंतरची आहे. जे देऊळ अहिल्याबाईंच्या काळापासून उभे आहे, तेही धर्मादाय आयुक्तांच्या दप्तरात साठच्या दशकात जन्मलेले दिसते.

जालनेकर

वरील चर्चेत एक सावधगिरी सुचवतो. गावातील वृद्ध मंडळी ‘मिशन’ म्हणतात, तेव्हा ते कोणते मिशन, हे विचारून घ्यावे. मराठवाड्यात प्रॉटेस्टंट मिशने कॅथलिक मिशनांच्या आधीपासून होती. जालन्याजवळ रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी बेथेल ही वसाहत उभी केली. त्यांचा बाप्तिस्मा १८४३ चा, आणि त्यांचे कार्य स्कॉटिश मिशनचे. औरंगाबादेत चर्च मिशनरी सोसायटीच्या वतीने रतनजी नवरोजी हे पारशी समाजातून आलेले धर्मोपदेशक काम करत. गोदावरीच्या पलीकडे नगर जिल्ह्यात अमेरिकन मराठी मिशन १८३१ पासून आहे, आणि त्याच जिल्ह्यात पुढे जर्मन येशूसंघीय (जेझुइट) धर्मगुरू आले. पहिल्या महायुद्धात ते शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले आणि त्यांची रवानगी झाली.

नदीच्या दोन्ही काठांवर सोयरिकी होत्या. श्रीरामपूरची सून वैजापुरात येई आणि तिच्या आठवणीतील सिस्टर नगरकडच्या असत. तुमच्या गावातील वृद्ध स्त्रिया जे सर्वांत जुने वर्ष सांगतात, ते माहेरचे तर नाही ना, हे एकदा तपासावे.

बोर्डिंगची मुलगी

मी याच पट्ट्यातील एका कॉन्व्हेंटच्या बोर्डिंगमध्ये राहून शिकले. माझे वडील ऊसतोडीला जात. दिवाळीनंतर घराला कुलूप लागे ते उन्हाळ्यातच उघडे. आमच्या वस्तीवरील ज्या मुली बोर्डिंगमध्ये राहिल्या नाहीत, त्या आईबरोबर फडावर गेल्या आणि चौथीच्या पुढे शिकल्या नाहीत. बोर्डिंगचा इतिहास लिहायचा तर शाळेच्या इमारतीपासून सुरू करू नका, या स्थलांतरापासून सुरू करा. शाळा जिल्हा परिषदेचीही होती. आमच्यासारख्या मुलींना हवे होते ते रात्रीचे छप्पर आणि दोन वेळची भाकरी, आणि ते कॉन्व्हेंटने दिले.

दिवसाचा क्रम सांगते, कारण तो कोणत्याही अहवालात सापडणार नाही. पहाटे हापशावर पाणी, मग मिस्सा (चर्चमधील उपासना), मग झाडलोट. आठवड्यातून एकदा दळणाची पाळी. संध्याकाळी जपमाळ, त्यानंतर अभ्यास, आणि अभ्यासाच्या वेळी दाराशी एक सिस्टर शिवणकाम घेऊन बसलेली असे. जेवणात ज्वारीची भाकरी आणि पातळ वरण. १९७२ च्या दुष्काळातील गोष्टी आम्हांला मोठ्या मुलींनी सांगितल्या: लाल मिलो (परदेशातून आलेली ज्वारी), दुधाची भुकटी, सुकडी, आणि धान्याच्या बदल्यात खणलेल्या विहिरी. आमच्या वेळी दुधाच्या भुकटीचे रिकामे डबे शिल्लक होते आणि त्यांत आम्ही खडू ठेवत असू.

सिस्टर कडक होत्या. वस्तीवर बोलतो तशी भाषा बोलले की टोकत. घरी जाण्यास सहज परवानगी मिळत नसे. माझ्या बरोबरीची एक मुलगी याच कारणाने पळून गेली आणि पुन्हा आली नाही. स्मरणिकेत हेही यावे असे मला वाटते. सगळ्या सिस्टर प्रेमळ होत्या असे लिहिले तर ते कोणीही खरे मानणार नाही, आणि ज्या खरोखर प्रेमळ होत्या त्यांच्यावर तो अन्याय होईल.

दवाखान्याबद्दल एवढेच सांगते की, तो दवाखाना साऱ्या गावाचा होता. कॅथलिक घरे थोडी, पण मराठा, मुसलमान, वंजारी, सगळ्या घरांतील बाळंतिणी तेथे येत. माझ्या आजीला सापाने दंश केला तेव्हा तिला बैलगाडीतून तेथेच आणले होते.

शिवनाकाठ

@बोर्डिंगची मुलगी, ऊसतोडीचा संबंध माझ्या ध्यानात आला नव्हता. आपली परवानगी असेल तर हा प्रतिसाद स्मरणिकेत घेईन.

बाळंतपणाच्या उल्लेखावरून एक गोष्ट येथे नोंदवतो. १९३६ पर्यंत धर्मभगिनींना सुईणीचे काम करण्यास चर्चच्या नियमांची मोठी अडचण होती. कौमार्यव्रत घेतलेल्या स्त्रीने प्रसूतीच्या खोलीत असू नये, अशी जुनी धारणा त्यामागे होती. ११ फेब्रुवारी १९३६ रोजी रोमच्या धर्मप्रसार खात्याने सूचना काढून मिशनच्या मुलखात भगिनींना वैद्यकीय शिक्षण घेण्यास आणि प्रसूतीचे काम करण्यास मोकळीक दिली. म्हणून दवाखान्याच्या वहीत बाळंतपणाच्या नोंदी केव्हापासून दिसतात, हे मी आता मुद्दाम पाहणार आहे. त्याआधी हे काम होतच नसे असे मात्र मला वाटत नाही. पावसाळ्याच्या रात्री वस्तीवर बाई अडली असताना रोमचा नियम कोणी काढून वाचला असेल, हे संभवत नाही.

निरीक्षक

चर्चा माहितीपूर्ण आहे, परंतु एका प्रश्नाला बगल दिली जात आहे असे मला वाटते. दुष्काळात धान्य मिळाले आणि बाप्तिस्मे झाले, हा संबंध आपण मान्य करता की नाही? १८९९-१९०० च्या दुष्काळानंतर पश्चिम भारतात अनेक ठिकाणी मिशनांची संख्या वाढली, हे सर्वश्रुत आहे. स्मरणिकेत केवळ सेवेचे वर्णन येणार असेल तर त्याला इतिहास म्हणता येणार नाही. माझा हेतू वाद उकरण्याचा नाही.

शिवनाकाठ

@निरीक्षक, प्रश्न रास्त आहे. संबंध मान्य आहे. माझे स्वतःचे घराणे त्याच काळात ख्रिस्ती झाले आणि पणजोबांनी मूर्तिपूजेवरील प्रवचन ऐकून धर्म बदलला, असा दावा आमच्या घरात कोणी करत नाही. भूक हे एक कारण होते.

परंतु भूक गावातील सर्वांनाच होती, आणि धर्म बदलला तो बहुतांशी महार आणि मांग वस्त्यांनी. ज्या माणसाला पाणवठ्यावर जाता येत नव्हते, त्याला एक परका पांढरा माणूस आपल्या ओट्यावर बसवून घेतो, आणि त्याच्या मुलीला एक बाई हाताला धरून पाटीवर अक्षर गिरवायला शिकवते, या गोष्टीचे वजन धान्याच्या पोत्याहून कमी नव्हते. दुष्काळ सरल्यावर आणि मदत बंद झाल्यावर काही कुटुंबे परत गेली, बाकीची राहिली. राहिलेल्यांचे कारण केवळ धान्य असू शकत नाही.

या प्रश्नाला दुसरी बाजूही आहे. १९५० मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेत महाविद्यालय काढले, तेच पुढे मिलिंद म्हणून नावारूपास आले. १९५६ मध्ये नागपूरला धम्मदीक्षा झाली. त्यानंतर मराठवाड्यातील दलित वस्त्यांना मानाने जगण्याची स्वतःची वाट मिळाली आणि मिशनकडे येणारा ओघ आटला. कॉन्व्हेंटची शाळा मात्र त्यानंतरच वाढली, कारण आता तेथे बौद्ध घरांतील मुलीही येऊ लागल्या, त्या धर्मासाठी नव्हे तर दहावीसाठी. स्मरणिकेत हा भाग येईल, असे आश्वासन देतो.

खडू-फळा

मी या भागातील एका अनुदानित शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालो. शाळांच्या इतिहासात लोक एक टप्पा गाळतात, म्हणून लिहितो.

निजामाच्या राज्यात खासगी शाळा काढणे सोपे नव्हते. १९२४ च्या नियमांनी प्रत्येक खासगी शाळेस सरकारी परवानगी आवश्यक केली, आणि वरच्या इयत्तांत उर्दूचे वर्चस्व होते. उस्मानिया विद्यापीठ १९१८ मध्ये सुरू झाले तेच मुळी उर्दू माध्यमाचे. अशा स्थितीत खेड्यातील मिशनच्या शाळेला शाळा म्हणवून घेण्यापेक्षा धर्मशिक्षणाचा वर्ग म्हणवून घेणे सोयीचे पडत असे. त्या वर्गात प्रार्थनेबरोबर बाराखडी आणि पाढेही होत. म्हणून मान्यतेच्या पत्रावरील वर्षाच्या कितीतरी आधीपासून शाळा भरत होती, असे जे वृद्ध सांगतात ते बहुधा खरे असते. @जालनेकर यांची माहेर-सासरची शंका योग्य आहे, पण मी वृद्धांच्या बाजूने झुकतो.

१९५६ नंतर माध्यम, अभ्यासक्रम, तपासणी, सगळेच बदलले. अनुदान आले. अनुदानाबरोबर नियमही आले. १९७७ चा खासगी शाळा कर्मचारी कायदा आणि १९८१ ची नियमावली यांनी नेमणूक, सेवाज्येष्ठता आणि बडतर्फी यांची चौकट घालून दिली. त्याआधी मदर सांगतील ती सिस्टर वर्गावर उभी राहत असे. त्यानंतर सिस्टरलाही डी.एड. किंवा बी.एड. असल्याशिवाय नेमणूक मिळेना, आणि गावातील प्रशिक्षित शिक्षक शाळेत येऊ लागले. माझ्या मते ग्रामीण कॉन्व्हेंटच्या शाळांच्या इतिहासातील हे सर्वांत मोठे वळण आहे, पण स्मरणिकांत त्याचा उल्लेख मला कधी दिसला नाही. कदाचित नियमावलीबद्दल वाचायला कोणाला आवडत नसावे.

पगाराची एक बाब. अनुदानित शाळेतील सिस्टरच्या नावे सरकारकडून पूर्ण वेतन येते, पण दारिद्र्यव्रतामुळे ते तिचे राहत नाही, संघाकडे जमा होते. बोर्डिंगचा खर्च बऱ्याच ठिकाणी यातूनच निघे. या वेतनावर उगमस्थानी करकपात (टीडीएस) व्हावी की नाही, हा वाद तमिळनाडू आणि केरळमधून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये कपात करावी असा निर्णय झाला. तुमच्या कॉन्व्हेंटच्या जमाखर्चाच्या वह्या मिळाल्या तर त्यांत शिक्षिका सिस्टरांचे वेतन आणि बोर्डिंगचा खर्च शेजारी शेजारी मांडून पाहा. शासनाच्या अनुदानाखेरीज मुलींच्या शिक्षणाला आणखी कोणाच्या पैशाचा आधार होता, ते त्यातून दिसेल.

धर्मग्राम लेखनिक

दुसऱ्या एका धर्मग्रामात मी नोंदवह्यांचे काम पाहतो. धागाकर्त्याच्या दोन्ही प्रश्नांना धरून लिहितो.

चर्चच्या कायद्याप्रमाणे धर्मभगिनींचे घर स्थापन होते ते महागुरुस्वामींच्या लेखी पूर्वसंमतीने. १९१७ च्या संहितेतही संमतीची अट होती आणि आताच्या १९८३ च्या संहितेत ती कलम ६०९ मध्ये आहे. तुमच्या गावाच्या बाबतीत ते संमतिपत्र नागपूर किंवा अमरावतीच्या दप्तरात असेल, आणि त्याची प्रत संघाच्या प्रांतिक कार्यालयात असेल. कायद्याने स्थापना हीच. परंतु भगिनी पुष्कळदा त्याच्या आधीच येऊन धर्मगुरूंच्या जुन्या घरात किंवा भाड्याच्या खोलीत राहत असत. त्याचा पुरावा घराच्या दैनिक वृत्तांताच्या वहीत मिळेल. ही वही प्रत्येक कॉन्व्हेंटमध्ये ठेवण्याची पद्धत आहे. आरंभीच्या वह्या फ्रेंचमध्ये असतील, पुढे इंग्रजीत. कोण केव्हा आली, कोण बदलून गेली, कोणत्या दिवशी महागुरुस्वामी जेवायला होते, विहिरीचे पाणी केव्हा आटले, सगळे त्यात असते. धर्मगुरूंच्या यादीशेजारी सिस्टरांची यादी कोरायची असेल तर ती याच वहीतून निघेल.

दुसरा माग अधिक सूक्ष्म आहे. बाप्तिस्म्याची नोंदवही ठेवणे १५६३ च्या ट्रेंट परिषदेपासून सक्तीचे आहे. पुढे त्या व्यक्तीचे लग्न झाले की त्याची नोंद बाप्तिस्म्याच्या नोंदीसमोर समासात करतात, आणि कोणी कायमचे व्रत घेतले तर तेही तेथेच लिहितात. त्यामुळे समास वाचत गेलात तर तुमच्याच गावातील कोणत्या मुली पुढे सिस्टर झाल्या, ते कळेल. १९६० च्या दशकापर्यंतच्या नोंदी लॅटिनमध्ये असतात, पण ठरावीक वाक्ये पुन्हा पुन्हा येतात, ती एकदा समजली की अडत नाही. आमच्याकडे असा शोध घेतला तेव्हा वस्तीवरील तीन मुली बिहार आणि आसामच्या मिशनमध्ये काम करून तेथेच वारल्याचे दिसले, आणि त्यांच्या भाच्यांनाही हे ठाऊक नव्हते.

जाता जाता एक इतिहास सांगण्याचा मोह होतो. आनसीचे संत फ्रान्सिस द सेल्स यांनी १६१० मध्ये जान द शांताल यांच्यासह भगिनींचा जो संघ काढला, तो आजाऱ्यांच्या घरी जाऊन सेवा करण्यासाठी होता. पण तेव्हाच्या नियमाने व्रतस्थ स्त्रीला मठाबाहेर पडण्यास मनाई होती, आणि काही वर्षांतच तो संघ बंदिस्त मठात गेला. रस्त्यावर हिंडून काम करणाऱ्या, साधी व्रते घेतलेल्या संघांना रोमने व्रतस्थ म्हणून पूर्ण मान्यता दिली ती १९०० च्या डिसेंबरमध्ये. म्हणजे आपल्या भागात पहिल्या सिस्टर फिरू लागल्या, तेव्हा त्यांच्या जीवनपद्धतीचे कायद्यातील स्थान नुकतेच कोठे पक्के होत होते.

शिवनाकाठ

सर्वांचे आभार. संघाच्या प्रांतप्रमुखांना काल पत्र लिहिले असून वृत्तांताच्या वह्या पाहण्याची आणि संमतिपत्राच्या प्रतीची विनंती केली आहे. समितीपुढे मी असे मांडणार आहे की, जुबिली संमतिपत्राच्या वर्षाने करावी, कारण ते दाखवता येते. आणि स्मरणिकेचे पहिले प्रकरण मात्र त्याआधीच्या भाड्याच्या खोलीवर असावे. कोनशिलेचे वर्ष चर्चचे आहे, कॉन्व्हेंटचे नाही, हे काही सदस्यांना रुचणार नाही.

जुने दप्तर

योजना योग्य वाटते. नोंदवह्यांची छायाचित्रे स्मरणिकेत छापण्याचा विचार असेल तर एक खबरदारी घ्या. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशाच्या तिसऱ्या परिच्छेदात आरंभी फक्त हिंदू होते, १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध समाविष्ट झाले; ख्रिस्ती अद्याप नाहीत. त्यामुळे काही घरांत शाळेच्या दाखल्यावरील नोंद आणि चर्चमधील नोंद एकसारखी नसते, आणि त्या घरांतील मुले आज नोकरीत आहेत. बाप्तिस्म्याच्या वहीचे पान नावांसह छापले तर एखाद्याच्या जातपडताळणीच्या प्रकरणात ते पुरावा म्हणून पुढे येऊ शकते. सिस्टरांची नावे जरूर छापा. वस्तीवरील घरांची छापण्यापूर्वी प्रत्येक घराला विचारा.

बोर्डिंगची मुलगी

@शिवनाकाठ, माझा प्रतिसाद घ्यावा. फक्त पळून गेलेल्या मुलीचा भाग वगळू नये, आणि बोर्डिंगच्या जुन्या हजेरीपटांची चौकशी वह्यांबरोबरच करावी. आमच्याकडे ते स्वयंपाकघराच्या माळ्यावर, धान्याच्या कोठीच्या वर ठेवलेले असत.